जागल्या

महिबूब नदाफ घोरायला लागला की केबिनमधला आरसा थरथरतो, असं मल्लिनाथ कोरे लोकांना सांगायचा. लोक हसायचे, पण त्यात फारसं खोटं नव्हतं.

दोघं सोलापुरातून चादरी आणि टॉवेल भरून कोलकात्याला जायचे. हैदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टण, मग ओडिशातून वर. येताना तागाच्या गोणी, नाहीतर जो मिळेल तो माल. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं सीटमागच्या फळीवर झोपायचं, मग अदलाबदल. वीस-बावीस वर्षं हे चाललं. तेवढ्या काळात ट्रक बदलले, रस्ते रुंदावले, मल्लिनाथची मुलं शिकून पुण्याला गेली, महिबूबची लेक लग्न होऊन विजापूरला नांदायला गेली. फळीवरचं घोरणं मात्र तेच राहिलं.

त्या घोरण्याची एक खोड होती. ते मधेच थांबायचं. चढाला लागलेली गाडी अचानक बंद पडावी तसं. मग नुसती इंजिनाची घरघर ऐकू यायची. मल्लिनाथ स्टिअरिंगवरचा डावा हात काढायचा, मागं न बघता फळीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "भाई!" मागून विहिरीतून वर आलेल्या माणसासारखा एक मोठा श्वास यायचा आणि घोरणं पुन्हा सुरू. महिबूब जागा व्हायचा नाही. मल्लिनाथही त्यावर विचार करायचा नाही. गिअर टाकताना कोण विचार करतो? हात आपला आपण जातो.

ते दिवस आठवले की मल्लिनाथला आधी रॉकेलचा वास येतो. रस्त्याकडेला ट्रकच्या सावलीत पेटवलेला स्टोव्ह, त्यावर महिबूबच्या हातची तिखटजाळ आमटी, आणि मल्लिनाथच्या बायकोनं, कस्तुरीनं, बांधून दिलेल्या कडक भाकरी. भाकरी आमटीत बुडवून मऊ व्हायची वाट बघत दोघं बसायचे. घाई कुणाला होती? माल पोचला म्हणजे झालं.

मग झोपेची परीक्षा आली.

महामार्गांवर ट्रक आपले आपण लेन धरून चालायला शिकले होते, त्या काळातली ही गोष्ट. माणूस अजून लागत होता. गावातून काढायला, घाट उतरायला, नाक्यावर थांबवायला आणि यंत्र गोंधळलं तर सावरायला. नेमका तोच माणूस पेंगलेला असला तर काय उपयोग? म्हणून सरकारनं नियम केला की अवजड वाहनाचा परवाना नवा करताना डोळ्यांच्या तपासणीसारखी झोपेचीही तपासणी व्हायची.

ट्रान्सपोर्टनगरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. "झोपून पास व्हायची परीक्षा! माझा बाप असता तर पहिला आला असता," असं कुणीतरी म्हणायचं आणि चहाच्या टपरीवर हशा पिकायचा.

तपासणीचं यंत्र म्हणजे एक टिकली होती. गळ्याच्या खळग्यात चिकटवायची, बोटाच्या पेराएवढी. ती घशाची थरथर ऐकायची आणि बारीक उजेड टाकून कातडीखालच्या रक्तातला ऑक्सिजन मोजायची. पुरुषांनी टिकल्या लावायच्या म्हणून आणखी चेष्टा झाली.

पहिलं शिबिर ट्रान्सपोर्टनगरातच भरलं. तिथं डॉ. मेघना कासट नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी टेबलावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला होता.

"हा तुमचा घसा समजा," त्या म्हणाल्या. "जागेपणी याच्या भोवतीचे स्नायू ताठ असतात. झोप लागली की सैल पडतात. काही जणांची जीभ मागं घसरते आणि ट्यूब अशी चपटी होते." त्यांनी ती बोटांत दाबली. "छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, स्नायू आवळतो, श्वास सुरू होतो. झोपलेल्याला यातलं काहीच कळत नाही. असं एका झोपेत शेकडो वेळा होऊ शकतं."

"पण झोप तर होते की, मॅडम," महिबूब म्हणाला. "मी पडलो की संपलो."

"तुम्ही झोपता, काका. तुमचा मेंदू झोपत नाही. तो ती झोप दिवसा वसूल करतो. डोळे उघडे असताना, स्टिअरिंग हातात असताना, सेकंद-दोन सेकंद. तेवढ्यात ट्रक किती पुढं जातो ते मी तुम्हाला काय सांगणार?"

शिबिरात दुपारच्या झोपेवर कच्ची चाचणी घेतली. मल्लिनाथची टिकली हिरवी झाली. महिबूबची लाल. पक्की चाचणी घरी व्हायची होती. टिकली लावताना फोनला चेहरा दाखवायचा आणि आपल्या अंथरुणावर झोपायचं. तिचा निकाल परवान्याला चिकटणार होता.

त्याच सुमारास त्यांचे मालक, वीरेशअण्णा, यांनी नवे ट्रक घेतले. टिकलीचा फायदा मालकांच्या लवकर लक्षात आला होता. ड्रायव्हरची झोप नीट झाली आहे याची खात्री यंत्रच देत असेल आणि हायवेवर गाडी बरीचशी आपणच चालत असेल, तर दोन माणसं कशाला? सरकारनंही एकचालकी ट्रकना मंजुरी दिली. ठरावीक तासांनी गाडी उभी करायची, टिकली लावून झोपायचं. झोप पुरेशी झाली असं टिकलीनं सांगितलं तरच इंजिन सुरू होणार. नव्या केबिनमध्ये एकच खुर्ची होती आणि मागं एक पेटीसारखी बंद खोली, गादी, पडदा, गार हवा. मल्लिनाथनं आत डोकावून पाहिलं तेव्हा त्याला ती फार आवडली नाही. का ते सांगता आलं नाही.

महिबूब त्याला भेटायला आला तो दुपारी. दोघं मल्लिनाथच्या दारातल्या कडुनिंबाखाली बसले. कस्तुरीनं चहा आणून दिला आणि ती आत गेली.

"मल्लू, एक काम कर माझं," महिबूब म्हणाला. "फोनला तोंड मी दाखवतो. टिकली तू लाव आणि झोप."

मल्लिनाथनं बशीत चहा ओतला.

"कुणाला कळत नाही. गाडी पुढं नुसते झोपेचे तास बघते, श्वास नाही. दोघा-तिघांनी केलंय असं. मला दुसरं काय येतं सांग? गाद्यांचं दुकान भावानं सांभाळलंय, तिथं मी नुसता कापूस उडवत बसू? मला गाडी पाहिजे, बस्स."

"उद्या सांगतो," मल्लिनाथ म्हणाला.

त्या उरलेल्या दिवसात मल्लिनाथला पहिल्यांदाच आपल्या डाव्या हाताचा विचार करावा लागला. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब दाबली तेव्हाच त्याला ती फळी आठवली होती. फळीवरचं ते थांबणं म्हणजे हे होतं तर. जुनी गाडी असती तर त्यानं टिकली लावली असती. खोटेपणाचं त्याला एवढं वाटलं नसतं, कारण मागं महिबूब आणि पुढं तो स्वतः असता. पण आता महिबूब कुठल्यातरी पार्किंगमध्ये त्या बंद पेटीत एकटा झोपणार. तिथं थाप कोण मारणार?

दुसऱ्या दिवशी तो महिबूबच्या घरी, नई जिंदगी भागात, गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "भाई, नाही जमायचं. जुनी गाडी असती तर लावली असती."

"जुन्या गाडीचा काय संबंध?"

मल्लिनाथनं सांगितलं. घोरणं थांबायचं ते, थाप, मोठा श्वास, सगळं. महिबूब ऐकत राहिला आणि मग त्याचा चेहरा कडू झाला.

"इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीस, आणि मी तोंड उघडून काही मागितलं तेव्हा तुला हे आठवलं?"

"खरं सांगतोय, भाई."

"नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हण की. गोष्टी कशाला रचतोस?"

महिबूबनं स्वतःच टिकली लावली. निकाल लाल आला, तोही गडद लाल. उपचार घेतल्याशिवाय परवाना मिळणार नव्हता. उपचार होता, हनुवटीखाली चिकटवायची आणखी एक पट्टी. झोपेत प्रत्येक श्वासाच्या आधी ती जिभेच्या नसेला विजेचा हलका चिमटा काढायची, जीभ पुढं सरकायची, वाट मोकळी राहायची. ड्रायव्हरांनी तिला नाव ठेवलं होतं जागल्या. पूर्वी गावात रात्रीची राखण करणारा असायचा, तसा हा गळ्याची राखण करणारा.

"मी काय बैल आहे पराणी टोचून घ्यायला?" महिबूब म्हणाला आणि घरी बसला. मल्लिनाथशी त्यानं बोलणं टाकलं.

मल्लिनाथ नव्या ट्रकवर गेला. गाडीला बाईचा आवाज होता, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारा. पहिल्या खेपेला, विजयवाड्याच्या पुढं, तो विश्रांतीसाठी थांबला आणि त्या पेटीत जाऊन आडवा झाला. गादी मऊ होती. हवा गार होती. बाहेरचा चकार आवाज आत येत नव्हता. तो छताकडे बघत पडून राहिला.

वेळ झाल्यावर खुर्चीत येऊन बसला तर गाडी म्हणाली, "मल्लिनाथ, आपली झोप पुरेशी झालेली नाही. कृपया पुन्हा विश्रांती घ्यावी."

"बाई, येत नाही झोप. चालू हो आता."

"कृपया पुन्हा विश्रांती घ्यावी."

त्या पार्किंगमध्ये त्याचा अख्खा दिवस गेला. पुढच्या खेपेला तेच झालं, त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून वाईट. माल उशिरा पोचायला लागला. वीरेशअण्णा भला माणूस, पण त्यांनीही फोन केला, "कोरे, तुमची टिकली तर हिरवी आहे. मग हे काय?" घरीही तीच तऱ्हा. कस्तुरी उठून बघायची तर हा टक्क जागा.

शेवटी तो डॉ. कासटांकडे गेला. त्यांनी टिकलीतल्या नोंदी पडद्यावर पाहिल्या.

"श्वास उत्तम आहे, काका. तक्रारच नाही. पण झोप लागायच्या आधी तुमचं मन कशाची तरी वाट बघतंय. गाडीत पूर्वी कसे झोपायचात?"

"मी फळीवर असलो की महिबूब चालवायचा. तो गाणी म्हणायचा, बेसूर. मला गाढ लागायची. आणि तो झोपला की घोरायचा."

"आणि तुम्ही ते ऐकत चालवायचात."

"ऐकायचो असं नाही. असायचं ते."

डॉक्टरीणबाईंनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "आपला मेंदू पहारा देत असतो. अमुक एक आवाज आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं तो शिकतो. इतक्या वर्षांत तुमच्या मेंदूनं त्या माणसाचा आवाज धरलाय. तो नसला की पहारा उठत नाही." त्यांनी गाडीतल्या यंत्रणेत घोरण्याचा आवाज भरून दिला. तसे बरेच नमुने त्यांच्याकडे होते. महिबूबच्या जवळ जाणारा मल्लिनाथनं निवडला.

राजमहेंद्रीच्या अलीकडे, भर दुपारी, पडदा ओढून त्यानं तो लावला. आवाज छान होता. भरदार, खालून वर चढणारा. मल्लिनाथचे डोळे जड झाले. पण डावा हात जागा राहिला. आता थांबेल, आता थांबेल. घोरणं थांबलं नाही. ते एकसारखं चाललं होतं, पाण्याच्या मोटारीसारखं. कधीच न थांबणारं घोरणं महिबूबचं असूच शकत नव्हतं. त्यानं ते बंद केलं आणि उठून बसला. त्याला एकदम फार एकटं वाटलं.

त्याच खेपेहून तो परत आला आणि जैतूनबीचा फोन आला. महिबूबची बायको फोनवर फारशी कधी बोलायची नाही.

"मल्लूभाऊ, एक विचारायचं होतं. गाडीत ह्यांचा श्वास थांबायचा का?"

"थांबायचा, भाभी."

"मग तुम्ही काय करायचात?"

"फळीवर थाप मारायचो."

ती म्हणाली, "मी खांदा हलवते. पूर्वी घरी यायचे तेव्हा वर गच्चीवर जाऊन झोपायचे, मला कधी कळलंच नाही. आता रोज घरात आहेत. पहिल्यांदा थांबला तेव्हा मी ओरडलेच. आता झोप येत नाही मला, भीती वाटते. माझा डोळा लागला आणि तेव्हाच थांबला तर?"

"त्याला सांगितलंत?"

"त्यांना आधीच गाडीचं दुःख आहे. अजून काय सांगू?"

मल्लिनाथनं पायात चपला घातल्या आणि निघाला.

महिबूब पुढच्या खोलीत खाटेवर झोपला होता. दुपारची उन्हं दारातून आत आली होती. खाटेशेजारी जमिनीवर जैतूनबी भिंतीला टेकून बसली होती, एक हात त्याच्या खांद्यावर. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मल्लिनाथनं तिला खुणेनं आत जाऊन पडायला सांगितलं. ती नको म्हणाली. त्यानं पुन्हा खूण केली, स्वतः तिच्या जागी बसला आणि हात खाटेच्या काठावर ठेवला. मग ती गेली.

महिबूब घोरत होता. तोच आवाज, आरसा हलवणारा. थोड्या वेळानं तो थांबला. मल्लिनाथनं खाटेच्या लाकडावर थाप मारली आणि हळूच म्हणाला, "भाई." मोठा श्वास आला. घोरणं सुरू झालं.

आणि त्याबरोबर मल्लिनाथला झोप यायला लागली. इतक्या दिवसांची साठलेली झोप. अंग सैल पडलं, मान खाली गेली. आपण फळीवर आहोत, की पुढं आहोत, हेही कळेना. पण झोपायचं नव्हतं. तो गुडघ्यावर उठून बसला, तोंडावर पाणी मारून आला, पुन्हा बसला. बावीस वर्षं जे हातानं आपसूक केलं होतं ते त्या दुपारी त्यानं डोळे ताणून केलं. एकट्या बाईनं हे रोज कसं केलं असेल, असं त्याच्या मनात आलं.

अस्रची, तिसऱ्या प्रहराची, अजान झाली तेव्हा महिबूब जागा झाला. समोर मल्लिनाथ पाहून तो चमकला.

"तू इथं काय करायलास?"

"भाभी झोपल्यात आत."

"या वेळेला? तब्येत बरी नाही का तिची?"

"तू घरी आल्यापासून त्या झोपल्याच नाहीत, भाई. तुझा श्वास थांबला की तुला हलवत बसतात."

महिबूब उठला आणि आतल्या दारात जाऊन उभा राहिला. जैतूनबी चटईवर जशी पडली तशीच झोपली होती, डोक्याखाली उशी नाही, पदर विस्कटलेला, तोंड जरासं उघडं. तो बराच वेळ तिथून हलला नाही. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"म्हणजे ते फळीचं तू खरं सांगत होतास?"

"खरं."

"बावीस वर्षं?"

"हां."

"लेका, कधीतरी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू झोपला नसतास," मल्लिनाथ म्हणाला.

महिबूब दुसऱ्या दिवशी डॉ. कासटांच्या तपासणी केंद्रावर गेला. मल्लिनाथही बरोबर गेला. ड्रायव्हरांच्या वेळा उलट्यासुलट्या म्हणून तिथं दिवसाही झोपायची सोय होती. काचेपलीकडे महिबूब झोपला, हनुवटीखाली जागल्या लावून. घोरणं आलंच नाही. छाती संथ वरखाली होत राहिली. मग त्याच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं पळायला लागली. तो हसला. ओठ हलले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

"दुखतंय का त्याला?" मल्लिनाथनं घाबरून विचारलं.

"नाही, काका. स्वप्नं पडतायत," डॉ. कासट म्हणाल्या. "स्वप्नाच्या झोपेत स्नायू सगळ्यात जास्त सैल असतात. म्हणून श्वासही तेव्हाच जास्त थांबतो आणि मेंदू दर वेळी स्वप्नातून बाहेर फेकला जातो. यांना कित्येक वर्षांत धड स्वप्न पडलेलं नाही. आता वाट मोकळी झाली, तर साठलेलं सगळं एकदम येणार. धरणाचं दार उघडल्यासारखं."

महिबूब जागा झाला तो पोरासारख्या चेहऱ्यानं. "मल्लू, अब्बा दिसले रे. कापूस पिंजत होते. त्या धनुकलीची तार... टण्, टण्... इथं कानाशी वाजत होती. आणि अम्मी म्हणत होती, कापसात लोळू नको, नाकात जाईल." तो नाक चोळून हसला. "खरंच गेलाय बघ कापूस."

पुढं किती दिवस त्याला रोज काही ना काही दिसत राहिलं. मोहोळच्या मामाची घोडागाडी. शाळेतली फुटकी घंटा. ज्या रस्त्यावर तो सायकल शिकला तो रस्ता, दोन्हीकडच्या चिंचांसकट. तो गाद्यांच्या दुकानात बसायचा आणि येईल त्याला सांगायचा. म्हातारी गिऱ्हाइकं थांबून ऐकायची, आपलंही काही सांगायची.

एकदा मात्र तो मल्लिनाथला म्हणाला, "लहानपणचं सगळं दिसतंय. लग्नसुद्धा दिसलं. पण गाडीतलं काहीच का दिसत नाही? मी आठवायला बसलो तर नुसता रस्ता येतो. आपण कुठं थांबलो, काय खाल्लं, कोण भेटलं... काहीच नाही रे."

मल्लिनाथनं हे डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. दिवसभर जे घडतं ते मेंदू झोपेत नीट लावून ठेवतो. झोपच तुटत राहिली तर लावून ठेवायचं राहून जातं. महिबूबच्या त्या वर्षांच्या आठवणी हरवल्या नव्हत्या. त्या कधी पक्क्या बसल्याच नव्हत्या. आता औषधानं किंवा यंत्रानं त्या परत येणार नव्हत्या.

मल्लिनाथनं त्यावर एकच केलं. खेपेहून आला की तो संध्याकाळी महिबूबकडे जाऊन बसायला लागला आणि सांगायला लागला.

त्यानं कटकच्या पुराचं सांगितलं. महानदीला पूर आला, पूल बंद, शेकडो ट्रक अडकलेले. एका उडिया ड्रायव्हरच्या बायकोनं भात दिला आणि यांनी तिला कडक भाकरी दिली. तिला वाटलं ताटली आहे, तिनं तिच्यावरच भात वाढून घेतला. सूर्यापेटच्या त्या आजीचं सांगितलं, जी महिबूबला जावई म्हणायची आणि आंब्याचं लोणचं बरणीनं द्यायची. श्रीकाकुळमजवळ वऱ्हाडाची बस बंद पडली तेव्हा सगळं वऱ्हाड ट्रकमध्ये चादरींच्या गठ्ठ्यांवर बसवून नेलं, नवरदेव सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर, आणि महिबूबनं लग्नघराच्या दारात असा हॉर्न वाजवला की भटजी मंत्र विसरले.

"मी वाजवला?" महिबूब विचारायचा.

"तूच. मी नको नको म्हणत होतो."

महिबूब मांडी ठोकून हसायचा. जैतूनबी दारात बसून ऐकायची. मधेच ती म्हणायची, "हा पूर कधीचा? तेव्हा आपल्या मुन्नीला गोवर होता." मग ती तिकडचं सांगायची. मुन्नी बापाचा फोन आला की भिंतीवर ट्रक काढायची. पावसाळ्यात पडवीची कौलं फुटली ती तिनं स्वतः चढून बदलली. हे मल्लिनाथलाही माहीत नव्हतं. अशी दोघांनी मिळून, एकानं रस्त्याची बाजू आणि एकीनं घराची, महिबूबची वर्षं त्याला परत शिवून दिली.

त्याच दिवसांत कधीतरी मल्लिनाथची झोप परत आली. कधी, ते त्यालाही कळलं नाही. एका खेपेला तो खुर्चीत येऊन बसला आणि गाडी काही न बोलता सुरू झाली, एवढंच.

महिबूबची टिकली हिरवी झाली. परवाना आला. वीरेशअण्णांनी निरोप धाडला, गाडी तयार आहे, सोमवारपासून या. मल्लिनाथ पेढे घेऊन गेला तर महिबूब भावाच्या दुकानात गादीला टाके घालत बसला होता.

"जाणार नाही मी," तो म्हणाला.

"अरे, यासाठीच तर सगळं केलं की आपण!"

"हो की. पण बघ, मल्लू. आता जे घडेल ते माझ्या लक्षात राहणार आहे. मला हे नवीनच आहे. तर मग ते त्या पेटीत एकट्यानं बसून कशाला घालवू?" त्यानं सुई कापडात खोचली. "एकच खेप करायची आहे. तुझ्या गाडीतनं. जैतूनला घेऊन. तिनं समुद्र बघितला नाही अजून."

वीरेशअण्णांनी परवानगी दिली. मल्लिनाथनं पेटीतली गादी आणि पडदा काढून दोघांना बसता येईल अशी बैठक केली. जैतूनबी हैदराबादपर्यंत गप्प होती, मग बोलायला लागली ती थांबेचना. हा डोंगर कुठला, ही केळी कुणाची, या बाया डोक्यावर काय घेऊन चालल्यात. महिबूब शेजारी बसून सगळं डोळ्यांनी पीत होता.

बेरहमपूरच्या जवळ मल्लिनाथनं गाडी हायवेवर उभी केली आणि तिघं रिक्षानं गोपाळपूरला गेले. नुकतं उजाडलं होतं. कोळी जाळी ओढत होते. जैतूनबीनं चपला हातात घेतल्या आणि वाळूतून अशी चालायला लागली जशी कुणाच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकतेय. पाणी तिच्या पायाला लागलं. ती दचकून मागं सरली, पुन्हा पुढं गेली, आणि मोठ्यांदा हसली.

महिबूब कोरड्या वाळूत उभा होता. समुद्राकडे बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मल्लू, मी इथं आधी आलोय का?"

मल्लिनाथनं दीपस्तंभाकडे पाहिलं. त्याच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. दर खेपेला, गाडी वर हायवेला लावून, ते दोघं इथं यायचे. दर खेपेला महिबूब ग्लास हातात धरून याच वाळूत उभा राहायचा आणि म्हणायचा, पुढच्या टायमाला जैतूनला घेऊन येतो. टपरीवाला आता म्हातारा झाला होता. तो मल्लिनाथला ओळखून हात वर करत होता.

मल्लिनाथनं त्याच्याकडे पाठ फिरवली.

"नाही, भाई," तो म्हणाला. "आपण सरळ हायवेनं जायचो. पहिल्यांदाच आलायस."

महिबूबच्या कपाळावरची आठी गेली. त्यानं खाली वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एक पाय, मग दुसरा.

"जैतून," त्यानं हाक मारली, "पुढं जाऊ नकोस एकटी. थांब, मी पण येतो."